मी महाराष्ट्राचा, गाव मुंबईचं



रणजी करंडकात तुमचा संघ कुठला, हा प्रश्न आमच्या उमापुरात विचारायची पद्धत नाही. उत्तर ठरलेलं आहे, मुंबई. उमापूर म्हणजे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं, शेवगावच्या रस्त्यावरचं गाव. इथल्या कित्येकांनी मुंबई फक्त सिनेमात पाहिली. पण गावसकर मुंबईचा, वेंगसरकर मुंबईचा, पुढं तेंडुलकर मुंबईचा, म्हणून गावही मुंबईचं. अशा या गावात गेली पंचेचाळीस वर्षं एक माणूस महाराष्ट्राच्या बाजूनं उभा आहे. तो माणूस मी.

क्रिकेटशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्या एका राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईनं हा करंडक बेचाळीस वेळा जिंकलाय. बेचाळिसावा २०२४ मध्ये. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर सलग पंधरा वर्षं करंडक मुंबईच्या बाहेर गेलाच नाही. विदर्भाला पहिल्या विजयासाठी साठ वर्षं थांबावं लागलं, पण फैज फजलच्या नेतृत्वाखाली त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा जिंकला आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. आणि माझा महाराष्ट्र? दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. म्हणजे माझा संघ शेवटचा जिंकला तेव्हा माझे वडील चार वर्षांचे होते. माझं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आणि महाराष्ट्र नावाचं राज्य अजून जन्माला यायचं होतं.

मग मी या संघाच्या नादी लागलो कसा? दोष द्यायचा तर भूगोलाच्या पुस्तकाला द्यावा लागेल. चौथीत होतो. गाव, तालुका, जिल्हा, राज्य असं पाठ करून घेतलं होतं. गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, राज्य महाराष्ट्र. त्याच सुमारास स्टँडवर आलेल्या दैनिक 'मराठवाडा'मध्ये, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्याची चार ओळींची बातमी दिसली. मी चक्रावलो. मुंबई महाराष्ट्रातच आहे ना? मग ती महाराष्ट्राविरुद्ध कशी खेळते? घरातली माणसं अंगणात एकमेकांविरुद्ध उभी राहिल्यासारखं वाटलं. पण एक गोष्ट मला त्याच क्षणी स्पष्ट होती. आपण महाराष्ट्राचे. पुस्तकातच तसं लिहिलंय.

मी गणिताच्या सरांना विचारलं. सर क्रिकेटवेडे आणि अर्थातच मुंबईचे. ते म्हणाले, "अरे, क्रिकेटचा नकाशा वेगळा असतो. राज्य झालं १९६० साली. हे संघ त्याच्या आधीचे." आणि खरंच तसं आहे. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून महाराष्ट्र नावाचा संघ खेळतोय. राज्यापेक्षा संघ पंचवीस वर्षांनी थोरला. तो पुण्याचा संघ. पुढं नकाशे बदलत गेले आणि आमचा मराठवाडा त्याच्या हद्दीत आला. सरांनी समजूत घातली, "तू मुंबईचाच हो. जिंकत राहशील." मी झालो नाही. मुलं हट्टी असतात, आणि काही मुलं मोठी होतच नाहीत.

घरी मात्र वेगळंच प्रकरण होतं. आमच्या अब्बांचा संघ हैदराबाद. स्टँडजवळ त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, सायकली तासानं भाड्यानं द्यायच्या. फळीवर मर्फीचा रेडिओ. अब्बांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. कोणी विषय काढला की टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसायचे. पण त्या गेलेल्या मुलखातली एक गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती, ती म्हणजे हैदराबादचा संघ. गुलाम अहमदची ऑफस्पिन, जयसिंहाची वर केलेली कॉलर, अब्बास अली बेग, आबिद अली. आमचा जिल्हा १९५६ साली हैदराबादेतून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. अब्बांचं रेशनकार्ड बदललं, मतदानाचं ठिकाण बदललं, दुकानाच्या पाटीची लिपी बदलली. संघ बदलला नाही.

मी महाराष्ट्राचा झालो म्हणून ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठीक है. लेकिन एक बार पकड़ी तो फिर छोड़ना नहीं. टीम रोज रोज बदलनेवाला आदमी उधारी भी डुबाता है." हा हिशेब सायकलवाल्याचा होता, पण मला तो पुढं सगळीकडे लागू पडताना दिसला.

हरणाऱ्या संघाचा माणूस आपोआप इतिहासाचा अभ्यासक होतो. जिंकणाऱ्याला उद्याचा पेपर पुरतो, आम्हाला जुनी रद्दी चाळावी लागते. मी चाळली. आणि काय काय सापडलं म्हणून सांगू!

पहिले सापडले प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राचं नेतृत्व करायचे. आमचे दोन्ही करंडक त्यांच्याच काळातले. १९४०-४१ च्या मोसमात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं. त्या वयात आमच्याकडे माणूस सायकलवर चढताना बाजूचा दगड शोधतो. देवधर पुढं एकशे एक वर्षांचे होऊन १९९३ मध्ये गेले. मग सापडले सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. पुढं तेच बडोद्याचे झाले.

आणि भाऊसाहेब निंबाळकर. माणूस कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८, पुण्याचं मैदान, समोर काठियावाडचा संघ. निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. नऊ धावांचं अंतर राहिलं. आणि काठियावाडच्या कर्णधारानं आणखी खेळायला नकार देऊन सामना सोडून दिला. भारतातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आजही त्याहून मोठी खेळी झालेली नाही. इतकं असून निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. २०१२ मध्ये ते वारले. मी कधी हिशेब मांडून पाहतो. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाल्याला तेव्हा तीनच महिने झाले होते. अब्बा अकरा वर्षांचे, घाबरलेले, घरातच. आणि तिकडं पुण्यात एक माणूस शांतपणे धावा काढत होता, ज्याला पुढं त्यांचा मुलगा आपला म्हणणार होता. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

आता माझा आवडता पराभव सांगतो. प्रत्येक हरणाऱ्या माणसाचा एक आवडता पराभव असतो. मार्च १९४९, पुणे, उपांत्य सामना, समोर मुंबई. मुंबईनं पहिल्या डावात ६५१ केल्या, आम्ही ४०७. मुंबईनं दुसऱ्या डावात आठ बाद ७१४ वर डाव सोडला. महाराष्ट्राला जिंकायला ९५९ धावा हव्या होत्या. शहाणा माणूस दोन तास खेळून घरी गेला असता. आमच्या लोकांनी ६०४ केल्या. सात दिवस सामना चालला, नऊ शतकं लागली, एकूण २,३७६ धावा झाल्या. जगभरातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा पुन्हा कधी झालेल्या नाहीत. त्यात आमच्या १,०११. आणि तरीही आम्ही ३५४ धावांनी हरलो. गणिताच्या सरांना हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर ते म्हणाले, "एक हजार अकरा धावा काढून हरायचं म्हणजे सोपं काम नाही. तुमच्याच लोकांना जमायचं ते."

१९७०-७१ चा अंतिम सामना त्याहून वाईट. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड, मुंबईचे सगळे मोहरे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईची दुसरी फळी खेळली आणि तरी आम्ही ४८ धावांनी हरलो. १९९३ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, लुधियाना, या वेळी पंजाब जिंकला. त्यांचा तो पहिलाच करंडक. दुसऱ्याच्या घरचं पहिलं बारसं आमच्या खर्चानं.

हे असं का होतं, याचा विचार मी खूप केलाय. मुंबईत मैदानं आहेत, क्लब आहेत, भर पावसात चालणारी कांगा लीग आहे, पूर्वी तर खेळाडूंना नोकरी देणारी ऑफिसं आणि बँका होत्या. महाराष्ट्राचा संघ पुण्याचा म्हणतात, पण त्याचा मुलूख कोल्हापूरपासून खान्देशापर्यंत आणि तिकडं नांदेडपर्यंत पसरलेला. मुलूख मोठा आणि साधनं थोडी. त्यामुळं चांगला खेळाडू तयार झाला की बाहेरून बोलावणं येतं. हजारे बडोद्याला गेले. सलील अंकोला मुंबईला गेला. हृषीकेश कानिटकर राजस्थानला गेला आणि तिथं कर्णधार म्हणून लागोपाठ दोन करंडक जिंकला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रेल्वेकडून खेळला आणि भारतापर्यंत पोचला. मी कुणालाही नावं ठेवत नाही. जिथं पोट आणि संधी, तिथं माणूस जाणार.

हे आम्हा बीडकरांना वेगळं शिकवायला नको. रणजीचा मोसम आणि ऊसतोडीचा मोसम जवळजवळ एकच. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक लागतात, संसार वर चढतो, आणि आमच्या भागातली गावंच्या गावं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं निघतात. मागं म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि माझ्यासारखे दुकानवाले उरतात. अब्बांच्या दुकानाशेजारी मी वह्या-पुस्तकं आणि पेपर विकायला बसलो, त्याला पस्तीस वर्षं होत आली. दर वर्षी रिकाम्या होत जाणाऱ्या स्टँडवर बसून मी स्कोअर वाचत आलोय. ज्या संघातून माणसं निघून जातात आणि ज्या गावातून माणसं निघून जातात, त्या दोघांचा मी. कधीकधी वाटतं, भूगोलाचं पुस्तक हे निमित्त. मी या संघाला धरून राहिलो, कारण तो माझ्या गावासारखा होता.

आता जरा अवघड बोलतो.

"तुमची टीम कुठली?" हा प्रश्न माझ्या नावाच्या माणसाला दोन प्रकारे विचारला जातो. एक प्रकार आत्तापर्यंत सांगितला तो. दुसरा तुम्हाला ठाऊक आहे. भारत-पाकिस्तान सामना असला की कोणीतरी हसत, कोणीतरी न हसता विचारतं. विचारणारा सगळ्या वेळी वाईटच असतो असं नाही. पण ज्याला विचारलं जातं, त्याला उत्तर देण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो. मुंबईवाल्याला मुंबईचा का म्हणून कोणी पुरावा मागत नाही. आम्हाला कधी कधी आमच्याच अंगणात पावती दाखवावी लागते.

मराठीत लिहायला लागलो तेव्हाही हेच झालं. मुशायऱ्यातले दोस्त म्हणाले, "मियाँ, उर्दू छोड़ के मराठी में क्यों?" आणि संमेलनात कोणी प्रेमानं पाठ थोपटली, "तुम्ही मराठी फार छान बोलता हो!" आता माझी दादी चकलांब्याच्या बाजारात मराठीतूनच भाव करत होती. आमच्या शेजारच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला शतकं झाली. पण कौतुक करणाऱ्याला हे सगळं ऐकवायचं नसतं. 'आभारी आहे' म्हणायचं आणि पुढची कविता वाचायची.

या दोन्ही प्रश्नांची गाठ एकदाच पडली, ती १८ जानेवारी १९९८ ला. रविवार होता. ढाक्यात भारत-पाकिस्तान, तिसरा आणि निर्णायक अंतिम सामना. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, लाइट गेलेली, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडलेली. रमजान चालू होता. मी आणि अब्बा रोज्यात, त्यामुळं चहाच्या वासाकडं दुर्लक्ष करत मागच्या बाकावर. पाकिस्ताननं ४८ षटकांत ३१४ केल्या होत्या. एवढा मोठा पाठलाग तोवर कोणी यशस्वी केला नव्हता. गांगुलीनं शतक ठोकलं, रॉबिन सिंग लढला, ढाक्यात अंधारून यायला लागलं. शेवटी दोन चेंडू, तीन धावा. गोलंदाज सकलेन मुश्ताक. समोर कानिटकर. त्यानं मिडविकेटच्या दिशेनं चौकार मारला आणि हॉटेल फुटायचं बाकी राहिलं.

सगळे 'इंडिया, इंडिया' ओरडत होते. मी कोरड्या घशानं ओरडत होतो, 'महाराष्ट्र, महाराष्ट्र!' दोन-चार माना वळल्या. गावातले एक तात्या, वयानं अब्बांएवढे, माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तुला एवढा आनंद झाला का रे?"

त्या वाक्याचे दोन अर्थ होते. दोन्ही मला कळले. हॉटेलात एक क्षण जरा शांतता झाली असावी, किंवा मलाच तसं वाटलं. मी म्हणालो, "तात्या, तेंडुलकर कधीच घरी गेला होता. शेवटचा चौका आपल्या पुण्याच्या कानिटकरनं मारला. मुंबईवाल्यानं नाही, महाराष्ट्रवाल्यानं!"

तात्या क्षणभर बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, सगळं जग पाकिस्तानशी भांडतंय आणि ह्याला अजून मुंबईचंच पडलंय!" सगळं हॉटेल हसलं. अब्बा बाकावरून शांतपणे म्हणाले, "और कप्तान किसका था? अझहर. हैदराबाद का." पुन्हा हशा. एका टीव्हीसमोर तीन संघ बसले होते, आणि तिघेही एकाच वेळी जिंकले होते. इफ्तारला अजून वेळ होता. तात्यांनी हॉटेलवाल्याला सांगून ठेवलं, अजान झाली की चाचांना आणि ह्याला चहा माझ्या नावावर.

मी हा प्रसंग गोड करून सांगत नाहीये. त्या आधीचा तो एक क्षण होताच, आणि तसे क्षण नंतरही आले. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. गावानं मला 'महाराष्ट्रवाला' म्हणून वीस वर्षं चिडवलं होतं, आणि ते चिडवणंच त्या क्षणी माझ्या बाजूनं उभं राहिलं. ज्याला आपण रोज चिडवतो, त्याच्याबद्दल आपल्याला शंका घेता येत नाही. तो आपला झालेला असतो. परक्या माणसाला कोणी चिडवत नाही, त्याच्याशी सगळे जपून बोलतात. तेव्हापासून कोणी माझ्याशी फार जपून बोलायला लागलं की मी आपणहून रणजीचा विषय काढतो.

अब्बांना त्यांच्या हयातीत एक करंडक मिळाला. हैदराबाद १९३७-३८ नंतर एकदम १९८६-८७ मध्ये जिंकलं. तेव्हा मी बारावीत होतो. अब्बांनी गेवराईहून जिलेबी आणली आणि स्टँडभर वाटली. कशाची, हे निम्म्या लोकांना कळलंच नाही. कोणी विचारलं, मुलगी बघितली का, कोणी विचारलं, शेत घेतलं का. अब्बा म्हणत, "उनचास साल का हिसाब था, चुक गया." २००६ मध्ये ते गेले.

माझ्या वाट्याला २०१४ आलं. जानेवारी महिना, वानखेडे मैदान, उपांत्यपूर्व फेरी, मुंबईविरुद्ध महाराष्ट्र. दोनच महिन्यांपूर्वी त्याच मैदानावर तेंडुलकरला साऱ्या देशानं रडत निरोप दिला होता. मुंबई गतविजेती. पहिल्या डावात आम्ही १२२ धावांनी मागं. गावात मला सांत्वनाचे चहा यायला लागले. आणि मग मुंबईचा दुसरा डाव १२९ वर आटोपला. २५२ धावा हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१, आठ गडी राखून जिंकलो! झोल कुठला? जालन्याचा. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा मुंबईत जाऊन मुंबईला हरवून आला. किराणावाले आप्पा, मुंबईचे कट्टर, दुकान उघडं टाकून माझ्याकडं आले. पेढ्याचा पुडा समोर ठेवला आणि म्हणाले, "घे शायर. आज तुझा दिवस. पण रोज रोज मागू नको."

तेव्हा आमचा अंतिम सामना झाला हैदराबादला. अब्बांच्या शहरात! कर्नाटकनं सात गडी राखून हरवलं. मी दुकान बंद करून कब्रस्तानात गेलो, फातेहा पढला आणि अब्बांना स्कोअर सांगितला. ते असते तर म्हणाले असते, "कोई बात नहीं, पंक्चर है, टायर नहीं फटा."

आता घरातच विरोधी पक्ष आहे. माझा मुलगा चाकणला कंपनीत कामाला आहे. राहतो पुण्यात आणि अंगात मुंबई इंडियन्सचा निळा टीशर्ट. २०१७ च्या आयपीएल अंतिम सामन्यात पुणे आणि मुंबई समोरासमोर आले, तेही हैदराबादलाच, आणि मुंबई एका धावेनं जिंकली. एका! मुलानं फोन केला, काही बोलला नाही, नुसता हसत राहिला. मीही ठेवला नाही. पाच मिनिटं बाप-लेक फोनवर गप्प. आमच्यातला तो फार चांगला संवाद होता.

काळ बदलतोय, हेही सांगायला हवं. सांगलीची स्मृती मानधना महाराष्ट्राकडून खेळत मोठी झाली, आणि २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती उपकर्णधार होती. २०२२ मध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले. ज्या स्पर्धेत मारले तिचं नाव विजय हजारे करंडक. २०२५ मध्ये तर मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडं आला. तिकडून इकडं! आप्पांना ही बातमी मी तीनदा वाचून दाखवली.

आणि आमच्या बीडचा सचिन धस. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत चार बाद ३२ असताना तो खेळायला आला आणि ९६ धावा काढून सामना फिरवून गेला. वडिलांनी त्याचं नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं. म्हणजे बघा, नाव मुंबईच्या सचिनचं आणि खेळायला महाराष्ट्राकडून. गणिताचे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना म्हटलं, "सर, हा तुमचा की आमचा?" सर म्हणाले, "बीडचा." पंचेचाळीस वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

लोक मला विचारतात, एवढी वर्षं हरणाऱ्या संघाबरोबर राहून मिळालं काय? मी म्हणतो, शेजारी मिळाले. मी मुंबईचा झालो असतो तर सर माझ्याशी इतकी वर्षं कशाला भांडले असते? आप्पा पेढे घेऊन कशाला आले असते? सगळं गाव एकाच संघाचं असतं तर बोलायला विषयच उरला नसता. अब्बा हैदराबादचे राहून उमापूरचे राहिले. मी महाराष्ट्राचा राहून मुंबईवाल्यांचा राहिलो. निष्ठा म्हणजे दुसऱ्याला हाकलणं, असा अर्थ हल्ली कोणी कोणी लावतात. आमच्या स्टँडवर तो अर्थ कधी चालला नाही. तिथं निष्ठेचा अर्थ एवढाच, की उद्या हरलात तरी सकाळी येऊन त्याच बाकावर बसायचं. आणि ती तपासायला कुणी कुणाच्या खिशात हात घालायचा नाही.

दिवाळीच्या सुमारास नवा मोसम सुरू होईल. ट्रक लागतील, माणसं उसाला जातील, गाव निम्मं होईल. माझ्या दुकानाच्या फळीवर मी सामन्यांच्या तारखांचा कागद दर वर्षीसारखा चिकटवीन. आप्पा त्याखाली पेन्सिलीनं 'मुंबई जिंदाबाद' लिहितील. मी ते खोडत नाही, कारण पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा लिहिता आलं पाहिजे. तुमच्या शेजारी कोणी वेगळ्याच संघाचा माणूस राहत असेल, तर त्याला एकदा विचारा, की हा संघ तू धरलास कसा. त्याला पुरावा मागू नका, फक्त गोष्ट विचारा. चहा दोघांत एक घ्या. आणि स्कोअर मात्र खरा सांगा.



(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)